गेन कमी केला तरी सब फाटतोच, मग चूक कुठे आहे?

दणका_४०
गाडीतल्या सबचा (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) आवाज ठरावीक व्हॉल्यूमच्या पुढे फाटतोय. सेटअपची माहिती एकदमच देतो.

हेड युनिट (डॅशबोर्डवरचा प्लेयर) बाहेरून बसवलेलं, व्हॉल्यूम ० ते ४०, प्री-आउट (ॲम्पला सिग्नल देणारं आउटपुट) ४ व्होल्टचा, सबसाठी वेगळी आरसीए (सिग्नलची केबल) जोडी. सब लेव्हल +६, लाउडनेस चालू, इक्वलायझर सपाट, हेड युनिटमधला लो-पास (ठरलेल्या आकड्याखालचेच सूर पुढे जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला.

ॲम्प (ॲम्प्लिफायर) क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा), १४.४ व्होल्टला २ ओहमवर ५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद), ४ ओहमवर ३००. गेन अर्ध्याच्या जरा पुढे, बेस बूस्ट +९, ॲम्पचाही लो-पास ८० च्या आसपास, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) एकदम डावीकडे, म्हणजे सगळ्यात खाली.

सब १२ इंची, ५०० वॅट आरएमएसचा, ४-४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडून २ ओहम. पेटी पोर्टेड (हवेसाठी मोकळी नळी असलेली), निव्वळ ५० लिटर, ३४ हर्ट्झला ट्यून केलेली.

वायरिंग तयार किटचं: ८ गेज, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, ५ मीटर. ६० अँपिअरचा फ्यूज डिकीत ॲम्पच्या शेजारी. अर्थ (ॲम्पच्या मायनसची गाडीच्या बॉडीला जोडणी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला.

लक्षणं: २६ पर्यंत सगळं ठीक. २७ च्या पुढे बेस गोल राहत नाही, चरचरीत होतो. ॲम्पचा गेन पाव केला तरी २७ च्या पुढे फाटतोच, फक्त हळू आवाजात फाटतो. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात. पंधरा-वीस मिनिटं जोरात वाजवलं की पेटीतून जळका वास येतो, मधूनच ॲम्पचा प्रोटेक्ट दिवा (ॲम्प स्वतःला वाचवायला थांबल्याची खूण) लागतो.

गेन किती ठेवावा? वायर बदलावी का? कपॅसिटर लावून भागेल, की ॲम्पच मोठा घ्यावा?

ओहमवाला
मोठ्या ॲम्पचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे "हळू आवाजात फाटतो". ॲम्प क्लिप होत असता, म्हणजे कुवत संपून लाटेचा माथा कापत असता, तर गेन खाली आणल्यावर आवाज साफ झाला असता. गेन उतरवूनही फाटण्याची जागा २७ वरच अडून बसत असेल, तर सिग्नल ॲम्पपर्यंत पोचतो तोच फाटलेला आहे. म्हणजे पहिली चूक हेड युनिटमध्ये. ॲम्पमध्ये दुसरी चूक नाही असं मात्र नाही. +९ बूस्ट बघून ती असणारच, पण तिच्याकडे नंतर येऊ. क्रम पाळायचा: आधी हेड युनिट, मग ॲम्प, मग सब. मागची पायरी साफ नसताना पुढची लावली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही आणि वॅटचंही नाही. हेड युनिटकडून किती व्होल्ट आले की ॲम्पने पूर्ण ताकद द्यायची, एवढंच ते ठरवतं. ४ व्होल्टच्या प्री-आउटला गेन कमी लागतो, २ व्होल्टच्या प्री-आउटला जास्त. पूर्ण ताकद दोन्हीकडे तेवढीच.

आधी हेड युनिटची मर्यादा शोधा. सब लेव्हल ०, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट, हेड युनिटचा लो-पास बंद. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा, ० डीबीचा (फाइलमधल्या कमाल पातळीचा) साइन टोन (एकाच सुराची गोल लाट) घ्या. एमपी३ नको, वेव्ह फाइल घ्या. ५० हर्ट्झ एवढ्यासाठी, की साध्या मल्टिमीटरचा एसी भाग याच वारंवारतेसाठी जुळवलेला असतो. फोन ब्लूटूथने जोडून टोन वाजवू नका, फोनचा व्हॉल्यूम आणि फोनमधला इक्वलायझर मोजमापात घुसतात.

सबची आरसीए ॲम्पमधून काढा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक मधल्या पिनला, दुसरं बाहेरच्या कड्याला लावा. ३० पासून एकेक पायरी वर जा आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. सिग्नल साफ असेपर्यंत प्रत्येक पायरीला व्होल्टेज साधारण सारख्याच पटीने वाढतं. ज्या पायरीला ही पट एकदम घटते, तिथे लाटेचा माथा कापला जायला लागला. त्याच्या आधीची पायरी हा तुमचा कमाल व्हॉल्यूम. हातात ऑसिलोस्कोप (स्कोप, लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) असेल तर काम सोपं, माथा सपाट झालेला डोळ्यांनीच दिसतो.

दुसरं, दोन्ही कॉइल सुट्या करून डीसी ओहम मोजा. ४ ओहमच्या कॉइलला ३.२ ते ३.७ दिसणं ठीक आहे. दोघींत लक्षात येण्याइतका फरक असेल, किंवा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) दोन्ही तळव्यांनी सारखा आत दाबताना खरखर लागत असेल, तर कॉइल आधीच भाजली आहे. मग कितीही सेटिंग केलं तरी आवाज साफ होणार नाही.

वासाचं कारणही यातच आहे. साइन लाट पुरती चपटी होऊन चौकोनी झाली की तेवढ्याच उंचीच्या लाटेत दुप्पट पॉवर असते. वर माथा सपाट असतो तेवढा वेळ कॉइलमध्ये करंट वाहत राहतो, उष्णता साठत जाते. "कमी वॅटचा ॲम्प सब जाळतो" असं म्हणतात ते अर्धवट आहे. कमी पॉवरने काहीच जळत नाही, जळतं ते ॲम्प त्याच्या कुवतीबाहेर ताणल्यावर जी जादा सरासरी पॉवर निघते तिने.

तांबडी_तार
माझं लक्ष मिणमिणणाऱ्या दिव्यांकडे आणि फ्यूजच्या जागेकडे गेलं.

फ्यूज आजच हलवा. बॅटरीपासून ॲम्पपर्यंतची ५ मीटर तार सध्या फ्यूजशिवाय गाडीच्या पत्र्यातून जाते आहे. कुठे घासून इन्सुलेशन उघडं पडलं तर बॅटरीचा सगळा करंट त्या जागेतून वाहील, आणि डिकीतला फ्यूज शाबूतच राहील. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, ॲम्पला स्वतःचे फ्यूज आहेत. बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा. पत्र्याला भोक असेल तिथे रबरी ग्रोमेट हवाच. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा.

आता हिशोब. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता ८०% धरली तर ५०० वॅटसाठी ६२५ वॅट ओढले जातात. १३.८ व्होल्टला ते होतात ४५ अँपिअर. ८ गेजची शुद्ध तांब्याची तार म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, ५ मीटरला १० मिलिओहमच्या आसपास. ४५ अँपिअरला तिच्यात ०.४७ व्होल्ट पडतात. मुलाम्याच्या ॲल्युमिनियमचा रोध साधारण दीडपट, म्हणजे ०.७ व्होल्ट तारेतच गेले. क्रिंप आणि फ्यूज होल्डर वेगळे. ४ गेजच्या, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर तांब्यात हेच ०.१८ व्होल्ट. किटवर गेजचा आकडा छापलेला असतो, पण जाड प्लास्टिकच्या आत तार बारीक निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तेव्हा टोक सोलून आतला गाभा बघा.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नये. एक तर तो सुरक्षेचा भाग आहे, तारेच्या टोकाला लावलेल्या धातूच्या कडीमुळे (लग) त्याची बैठक बदलता कामा नये. दुसरं म्हणजे त्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा रंग नाहीतर लॉकिंग पेस्ट असते. ॲम्पपासून ४५ सेंटिमीटरच्या आत जाड पत्रा शोधा, रंग आणि प्रायमर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे गंज चढणार नाही. भोक पाडणार असाल तर पत्र्याखाली इंधनाची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, ते आधी वाकून बघा. अर्थची तार प्लसच्याच जाडीची हवी. प्लस ४ गेज आणि अर्थ १० गेज अशी जोडणी केली तर घातलेलं तांबं फुकट.

कपॅसिटरचं म्हणाल तर १ फॅराडचा कपॅसिटर १३.८ वरून १२.८ व्होल्टवर येताना जेमतेम १३ ज्यूल देतो. ६२५ वॅट ओढणाऱ्या ॲम्पला हे दोन शतांश सेकंद पुरतात. बारीक तारेमुळे पडणारं व्होल्टेज त्याने सावरणार नाही.

तार बदलण्याआधी मोजून घ्या, म्हणजे दोष नेमका कुठे ते कळेल. इंजिन चालू, गाडी उघड्यावर (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका), ५० हर्ट्झचा टोन मोठ्याने दोन-तीन सेकंदच, आणि मीटर डीसीवर. चार मापं घ्या: बॅटरीच्या दोन खांबांमध्ये, ॲम्पच्या प्लस आणि अर्थमध्ये, बॅटरी प्लस ते ॲम्प प्लस, बॅटरी मायनस ते ॲम्प अर्थ. शेवटच्या दोघांसाठी मीटरला लांब वायर जोडावी लागेल, त्या वायरच्या बारीकपणाने फरक पडत नाही. पूर्ण ताकदीचा साइन टोन सलग वाजवू नका, गाण्यापेक्षा कितीतरी पट कॉइल तापते.

दणका_४०
मोजलं. कॉइल ३.५ आणि ३.५ ओहम, कोन दाबताना कुठे घासत नाही.

आरसीए (सब लेव्हल ०, लाउडनेस बंद, लो-पास बंद):
३३ ला २.७६
३४ ला ३.१०
३५ ला ३.४८
३६ ला ३.९०
३७ ला ४.०६
३८ ला ४.१५

टोन चालू असताना डीसी: बॅटरीवर १३.६, ॲम्पवर १२.१. प्लसच्या बाजूने ०.८ पडतात, अर्थच्या बाजूने ०.७.

सब लेव्हल +६ आणि लाउडनेस चालू करून पुन्हा आरसीए मोजली. २७ पर्यंत व्होल्टेज नीट चढतं, २८ ला पट घटलेली दिसते.

ओहमवाला
कॉइल वाचल्या आहेत. आणि तुमच्या आकड्यांत उत्तर सरळ दिसतंय.

३३ ते ३६ प्रत्येक पायरीला १.१२ पट, म्हणजे एक पायरी १ डीबीची. ३७ ला ही पट १.०४ वर आली, तेव्हा साफ सिग्नलची हद्द ३६. आता त्यावर सब लेव्हलचे ६ डीबी चढवले तर हद्द ६ पायऱ्या खाली, ३० वर येते. लाउडनेसने खालच्या पट्टीत आणखी ३ डीबी घातले की २७. तुम्ही कानाने पकडलेला आकडा हाच. म्हणून गेनचा त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता.

तर हेड युनिटवर सब लेव्हल ०, लाउडनेस कायमचा बंद, आणि ३६ च्या वर कधी जायचं नाही. मी ३५ च म्हणेन, एक पायरी हातची राखलेली बरी. सब जास्त वाटला तर सब लेव्हल उणे करा, खाली आणायला कितीही मोकळीक आहे. दारांचे स्पीकर हेड युनिटच्याच ॲम्पवर असतील तर ते ३५ च्या कितीतरी आधी फाटतील. त्यांना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, खालच्या बेसचा भार उतरला की ते बरेच वर जातील.

आता ॲम्प. बेस बूस्ट शून्यावर. ३ डीबी म्हणजे दुप्पट पॉवर, तेव्हा +९ म्हणजे त्या पट्टीत आठपट. बाकीच्या गाण्याला ६० वॅट जात असतील तेव्हा बूस्टच्या पट्टीत ॲम्पकडे जवळपास ५०० मागितले जातात. त्याच्या पुढे माथा कापला जाणारच.

गेनसाठी सबच्या दोन्ही तारा ॲम्पमधून काढा आणि टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागणार नाहीत अशी बांधा. गेन पूर्ण खाली, लो-पास पूर्ण उघडा (८० वर ठेवला तर ५० हर्ट्झलाही तो थोडा खातो आणि आकडा चुकतो), सबसॉनिक सगळ्यात खाली, इंजिन चालू. हेड युनिट ३५ वर, ५० हर्ट्झ ० डीबी. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन सावकाश चढवा.

किती व्होल्टपर्यंत? सूत्र: व्होल्ट = √(वॅट × ओहम). ५०० वॅट आणि २ ओहमला √१००० = ३१.६ व्होल्ट. ओहम म्हणजे इथे छापील २ धरायचे, मीटरवर दिसणारे पावणेदोन नाही.

पण तुम्ही ३१.६ लावू नका. या पद्धतीतली मेख इथेच आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती सांगितली जात नाही. सब न जोडता मोजताना ॲम्पवर भार नसतो, त्यामुळे तो ३१.६ आरामात दाखवतो. सब जोडला की पुरवठा १२.१ वर येतो. ५०० वॅटचा दावा १४.४ व्होल्टचा आहे. पुरवठा नियंत्रित करणारी सर्किट नसलेल्या ॲम्पची कमाल उंची बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर खाली येते: ३१.६ × १२.१ ÷ १४.४ म्हणजे २६.६ व्होल्ट, अंदाजे ३५० वॅट. तेव्हा आज गेन लावायचा तर २६ वर थांबा. मीटर फक्त व्होल्ट मोजतो, लाट गोल आहे की चपटी ते त्याला कळत नाही.

स्कोप वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ३१.६ व्होल्ट आरएमएसचा माथा ४४.७ व्होल्टवर असतो, टोकापासून टोकापर्यंत ८९. खिशातल्या छोट्या स्कोपला हे जास्त होऊ शकतं, १० पटीचा प्रोब वापरा. आणि बऱ्याच क्लास डी ॲम्पची दोन्ही स्पीकर टर्मिनलं जिवंत असतात, मायनस म्हणजे अर्थ नव्हे. म्हणून बॅटरीवर चालणारा स्कोप घ्या, आणि प्रोबची अर्थ क्लिप गाडीच्या पत्र्याला लावू नका. लाटेवर बारीक केसाळ थर दिसला तर घाबरू नका, तो क्लास डीच्या स्विचिंगचा असतो. क्लिपिंगमध्ये माथा कापल्यासारखा सपाट दिसतो.

उणे_पाच
पद्धत बरोबर, टोनबद्दल मात्र वेगळं मत. ० डीबीच्या टोनवर गेन लावला की बहुतेक गाण्यांत सब मुका वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये एकट्या बेसची पातळी ० डीबीला क्वचितच जाते, वर आवाज, तालवाद्यं, बाकी सगळं असतं. म्हणून −५ डीबीचा टोन घेऊन त्याच २६ व्होल्टवर गेन लावावा. आवाज भरतो आणि फाटणं ऐकू येत नाही.

ओहमवाला
ऐकू येत नाही आणि होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. ५ डीबी म्हणजे ३.१६ पट. बेस खरोखर ० डीबीपर्यंत रेकॉर्ड केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत लागलं की ॲम्पकडे ३५० च्या जागी ११०० वॅट मागितले जातील, आणि तो चौकोनी लाटा देईल. खालच्या सुरांतली विकृती कानाला उशिरा कळते, तोवर कॉइल तापलेली असते. ज्या माणसाला जळका वास आलेला आहे त्याला हा सल्ला मी देणार नाही.

उणे_पाच
मान्य, या प्रकरणात ० डीबीच ठेवा. पण सबची आरएमएस क्षमता ॲम्पपेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल, आणि ऐकणं वाद्यवृंद किंवा जुनी रेकॉर्डिंग असेल, तर −५ मध्ये काही बिघडत नाही. −१० चा टोन मात्र कुणीही वापरू नये.

बंद_पेटी
तुम्ही सगळे व्होल्टमध्ये अडकलात, पेटीकडे कुणी बघितलंच नाही. सबसॉनिक "एकदम डावीकडे" हे पोर्टेड पेटीत चालत नाही.

पोर्टेड पेटीत ट्यूनिंगच्या जवळ पोर्टमधली हवा काम करते आणि कोन जवळजवळ स्थिर असतो. ३४ च्या खाली गेलं की पोर्ट म्हणजे नुसतं भोक, आत दाब राहत नाही आणि कोन मोकाट सुटतो. २० हर्ट्झला कमी वॅटमध्येही तो आपल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. कॉइल मागच्या प्लेटवर आपटली की "टक टक" असा कोरडा, कडक आवाज येतो. तो क्लिपिंगसारखा चरचरीत नसतो, आणि गेनने नीट बरा होत नाही. सबसॉनिक २७-२८ हर्ट्झला ठेवा, २४ डीबी प्रति सप्तकाचा उतार असेल तर तोच निवडा. बंद पेटीत आतली हवाच स्प्रिंगचं काम करते, तिथे या फिल्टरची एवढी निकड नसते.

लो-पास दोन जागी लावला आहे. १२ डीबीचे दोन फिल्टर एकामागे एक लागले की ८० ला ३ ऐवजी ६ डीबी पडतात, उतार दुप्पट तीव्र होतो, फेजही (लाटांची एकमेकींशी जुळणारी वेळ) सरकते. मग दार आणि सब यांच्यामध्ये खड्डा पडल्यासारखं वाटतं, आणि माणूस तो भरायला बूस्ट चढवतो. एकच ठेवा. हेड युनिटचा आकडा स्पष्ट दिसतो, तेव्हा तोच ८० वर ठेवून ॲम्पचा पूर्ण उघडा सोडा.

ॲम्पवरचे फिल्टर वापरायचेच असतील तर बटणाभोवतीच्या छापील आकड्यांवर विसंबू नका. सब काढून, ४० हर्ट्झला गेन कमी करून टर्मिनलवर २० व्होल्ट लावा, मग ८० हर्ट्झचा टोन वाजवून लो-पास १४.१ व्होल्ट येईपर्यंत फिरवा. ७०.७% म्हणजे ३ डीबी खाली, तीच फिल्टरची जागा. सबसॉनिकही असाच जुळवता येतो, फक्त २८ हर्ट्झचा टोन घ्या. स्वस्त मीटर इतक्या खाली कमी दाखवतो, म्हणून आधी फिल्टर बंद ठेवून त्याच टोनवर किती दिसतं ते बघा आणि त्या आकड्याचे ७०.७% धरा. काम झालं की गेन परत आपल्या जागी.

फाटण्यासारखे वाटणारे पण ॲम्पशी संबंध नसलेले आवाजही तपासून घ्या. पोर्टमधून "फूस फूस" येत असेल तर पोर्टचं तोंड अरुंद आहे किंवा कडा धारदार आहेत. पेटीच्या सांध्यातून हवा निसटत असेल तर शिट्टीसारखी फुरफुर येते, टोन हळू लावून सांध्यांवरून ओला हात फिरवला की जागा सापडते. नंबर प्लेट, डिकीचं झाकण, मागच्या काचेखालचा ट्रे हे ठरावीक सुरालाच थडथडतात, ३० ते ८० हर्ट्झचा सरकता टोन हळू आवाजात लावा आणि एकेक दाबून बघा.

आणि दोन कॉइलच्या सबमध्ये एक कॉइल उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींविरुद्ध ओढतात: कोन हलत नाही, पॉवर सगळी उष्णतेत जाते. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर प्रत्येक कॉइलला प्लसला प्लस असा लावा, दोन्ही वेळी कोन बाहेर आला पाहिजे.

दणका_४०
फ्यूज बॅटरीजवळ आणला. अर्थ ॲम्पपासून ३० सेंटिमीटरवर पत्रा घासून घेतला. प्लस आणि अर्थ दोन्ही ४ गेज तांब्याची. दोन्ही कॉइलला सेल लावून बघितला, कोन दोन्ही वेळा बाहेरच येतो. सबसॉनिक २८, लो-पास फक्त हेड युनिटवर ८०, बूस्ट ०, लाउडनेस बंद.

तार बदलण्याआधी गेन २६ वर लावला होता. आता टोन चालू असताना बॅटरीवर १३.६, ॲम्पवर १३.२५. प्लसमध्ये ०.२५, अर्थमध्ये ०.१. ३५ पर्यंत आवाज साफ आहे, वास नाही, प्रोटेक्ट नाही. दिवे अगदी किंचित हलतात.

दोन प्रश्न. वायर बदलल्यामुळे गेन पुन्हा लावावा लागेल का? आणि ॲम्पवरचा फेजचा खटका कुठे ठेवावा?

तांबडी_तार
आकडे छान आले. दिवे आणखी शांत हवे असतील तर बॉनेटखालच्या तीन तारा जाड करा: अल्टरनेटर प्लस ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. जुन्या तारा काढू नका, नव्या समांतर जोडा. अल्टरनेटर ते बॅटरीच्या नव्या तारेलाही फ्यूज हवा, तो विसरतात. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे ॲम्पची किंवा जादा अर्थ तार खांबाला थेट लावू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीला लावा. नाहीतर गाडीला बॅटरीची खरी स्थिती कळत नाही आणि चार्जिंग गडबडतं.

नव्या ४ गेज तारेवर तोच ६० चा फ्यूज चालेल, ८० ही चालेल. फक्त ॲम्पवरच्या फ्यूजची बेरीज किती ते बघा, तिच्याखाली जाऊ नका.

ओहमवाला
गेन आपोआप बिघडलेला नाही, २६ वर आहे तसाच सुरक्षित आहे. फक्त आता छत उंच झालं: ३१.६ × १३.२५ ÷ १४.४ म्हणजे २९ व्होल्ट, २ ओहमवर ४२० वॅट. सब काढून त्याच पद्धतीने २८ ते २९ पर्यंत नेऊ शकता. २६ आणि २९ मधला फरक १ डीबीहून कमी, कानाला जेमतेम कळेल, तेव्हा नाही नेलं तरी काही अडत नाही. छापील ५०० गाठायला उरलेल्या ८० वॅटमागे लागू नका, तो फरक पाऊण डीबीचा आहे.

फेजसाठी ड्रायव्हरच्या जागेवर बसा, दारं-काचा बंद, दारांचे स्पीकर आणि सब दोन्ही चालू, ८० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात. दुसऱ्याला ० आणि १८० मध्ये खटका बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, तिथे ठेवा. बदलताना फरकच जाणवला नाही तर हाय-पास आणि लो-पासचे आकडे पुन्हा बघा, दोघांपैकी एक ८० पासून बराच दूर असेल.